गाळ आणि गमक : लक्ष्मी द्रोणीतील थरांच्या वाचनाची चिकित्सा

१

भूविज्ञानावरील मराठी लेखनात एक रूपक इतके रूढ झाले आहे की, ते रूपक आहे ह्याचीच जाणीव बहुधा उरलेली नाही. पृथ्वी हा एक ग्रंथ आहे, खडकांचे व गाळाचे थर ही त्या ग्रंथाची पाने आहेत आणि भूवैज्ञानिक हा त्याचा वाचक आहे, अशी ही कल्पना होय. तिच्याच अनुषंगाने ‘थरांनी इतिहास नोंदवून ठेवला आहे’, ‘समुद्रतळाने पावसाची बखर लिहिली आहे’ अशा धर्तीची वाक्ये सहज लिहिली जातात. अशा रूपकाने अवघड विषय सुगम होतो हे मान्य केले पाहिजे. परंतु शास्त्रीय गद्यात रूपक केवळ अलंकार म्हणून राहत नाही. ते हळूहळू विचाराची दिशा ठरवू लागते. ‘नोंद’ म्हटली की नोंद करणारा आला, त्याचा हेतू आला, नोंदींचा क्रम आला आणि नोंद खरी मानण्याची सवयही आली. समुद्रतळावरील गाळाच्या बाबतीत ह्यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

प्रस्तुत निबंधात ह्या रूपकाची चिकित्सा अरबी समुद्रातील लक्ष्मी द्रोणीच्या आधारे करावयाची आहे. गाळाचा थर हा लेख आहे की अनुमानाचे साधन आहे, असा मूळ प्रश्न आहे. तो शब्दांपुरता मर्यादित नाही. मोसमी वाऱ्यांच्या पूर्वेतिहासाविषयीचे अनेक निष्कर्ष सागरतळाच्या गाळावरूनच काढले जातात. विदर्भासारख्या प्रदेशात, जेथे कोरडवाहू शेतीचे सारे भवितव्य मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसावर अवलंबून असते, तेथे पाऊस दीर्घ काळात कशाने वाढतो व कशाने घटतो हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा ठरत नाही. ज्या पुराव्यावर त्याविषयीच्या उपपत्ती तपासावयाच्या, त्या पुराव्याचे वाचनच चुकले, तर उपपत्तीही चुकणार.

२

ग्रंथाच्या रूपकाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत चार्ल्स लायेल व चार्ल्स डार्विन ही दोन नावे प्रमुख आहेत. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ ह्या ग्रंथात डार्विनने भूवैज्ञानिक पुराव्याच्या अपूर्णतेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. लायेलचे रूपक पुढे नेऊन तो तेथे असे सुचवितो की, हा पुरावा म्हणजे अपुरा राखलेला इतिहासग्रंथ होय. त्याचा केवळ शेवटचा खंड हाती आहे, त्या खंडातील काही थोडी प्रकरणे उरली आहेत, पानापानावर मोजक्या ओळी आहेत, आणि ग्रंथाची भाषाही हळूहळू पालटत गेलेली आहे. भाषेच्या अभ्यासकाला ह्या रूपकाचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. बदलत्या बोलीत लिहिलेला खंडित ग्रंथ ही त्याच्या नित्याच्या परिचयातील वस्तू आहे.

तथापि डार्विनच्या मांडणीत एक उणीव आहे. त्याच्या ग्रंथातून पाने हरवतात, ओळी पुसल्या जातात. पण जे उरते ते आपल्या जागी असते आणि मूळचेच असते. म्हणजे त्याने लोप विचारात घेतला, प्रक्षेप घेतला नाही. हस्तलिखितांशी ज्याचा संबंध येतो त्याला हा भेद पहिल्या दिवसापासून शिकावा लागतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढील अडचण मजकूर गळाल्याची होती त्याहून अधिक तो शिरल्याची होती. महानुभाव परंपरेनुसार लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली आणि आठवणींच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यामुळे त्याचे भिन्न पाठ निर्माण झाले. नागपूरचे वि. भि. कोलते ह्यांनी १९७८ मध्ये ह्या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली, ती अशा पाठांची तुलना करूनच. पाठचिकित्सेचा पहिला धडा असा की, हाती असलेली प्रत म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे. ग्रंथाचे रूपक वापरावयाचेच असेल, तर निदान ह्या धड्यासह वापरले पाहिजे.

३

थर वाचताना होणाऱ्या चुकांचे एक उदाहरण नागपूरच्याच भूमीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी रॉबर्ट हंटर ह्यांच्या साहाय्याने शहराच्या परिसरातील खडकांचा व जीवावशेषांचा शोध घेतला. त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. आता शहरात सामावलेल्या टाकळी येथे बेसाल्टच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील गाळाचा एक पातळ थर त्यांना आढळला. त्यात गोगलगाईंचे शंख, वनस्पतींची फळे व बिया, माशांचे अवशेष होते. लाव्हाचा एक लोट थिजला, त्यावर तळी साचली, तळ्यांत गाळ बसला, आणि पुढच्या लोटाने तो झाकला, असा त्या थराचा अर्थ आज लावला जातो. अशा थरांना दख्खन-ज्वालामुखीचे अंतःस्तर म्हणता येईल.

हिस्लॉप ह्यांनी ह्या थरांची गणना तृतीयक कालखंडात केली. त्यांच्यापाशी जी साधने होती त्यांवरून तो निष्कर्ष अयोग्य नव्हता. पुढे विसाव्या शतकात ह्या थरांतील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या सूक्ष्म अवशेषांचा व परागकणांचा अभ्यास झाला आणि नागपूर परिसरातील अंतःस्तर क्रिटेशस काळाच्या अखेरचे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सीमेअलीकडचे नसून पलीकडचे, असे मत प्रबळ झाले. थर तोच राहिला, शंख तेच राहिले, परंतु काळ बदलला. थराने आपला काळ ‘नोंदवून’ ठेवलेला असता, तर असे घडते ना.

हे हिस्लॉप गोंडी भाषेचे व गोंड समाजाच्या परंपरांचेही संग्राहक होते. त्यांची टिपणे त्यांच्या निधनानंतर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. एकाच व्यक्तीच्या हातून थरांचे व शब्दांचे असे दोन संग्रह व्हावेत हा योगायोग असला, तरी दोहोंच्या स्वरूपातील भेद त्यामुळे स्पष्ट होतो. गोंडी शब्दाचा अर्थ गोंडी बोलणाऱ्यांच्या संकेताने ठरतो. तो विचारून घेता येतो. टाकळीच्या शंखाचा अर्थ कोणत्याही संकेताने ठरलेला नाही. शब्द आणि अर्थ ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूरचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. शंख आणि गोडे पाणी ह्यांचा संबंध मात्र यादृच्छिक नसून कार्यकारणांचा आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स ह्याच्या वर्गीकरणात पहिले चिन्ह सांकेतिक आहे, दुसरे निर्देशक आहे. ओल्या मातीतील पाऊलखूण ही दुसऱ्या जातीची. पाऊल उमटविणाऱ्याने ती वाचकासाठी काढलेली नसते.

४

जमिनीवरील थर असे तुटक असतात. पाऊस, वारा व नद्या ते सतत झिजवीत राहतात. ही झीज अखेर समुद्रात जाते. म्हणून जमिनीवर जे सापडत नाही ते समुद्रतळावर सलग सापडेल, अशी अपेक्षा बाळगली गेली. खोल समुद्रातील वेधनाच्या मोहिमांमागे ह्या अपेक्षेचा मोठा वाटा आहे. लक्ष्मी द्रोणी ही तिची कसोटी ठरली.

भारताचा पश्चिम किनारा आणि त्याला साधारण समांतर असलेला समुद्राखालील लक्ष्मी कटक ह्यांच्या दरम्यान ही द्रोणी पसरली आहे. तिच्या तळावर वाडिया, रामन व पणिक्कर ही नावे दिलेले बुडालेले पर्वत आहेत. तिच्या तळाचे कवच खंडीय आहे की सागरी, ह्याविषयी मतभेद आहेत. सिंधू नदीने हजारो किलोमीटरांवरून आणलेल्या गाळाचा विशाल पंखा ह्या द्रोणीपर्यंत पोचतो. बंगालच्या उपसागरातील पंख्याखालोखाल हा जगातील सर्वांत मोठा सागरी पंखा असून काही ठिकाणी त्याची जाडी सुमारे ९ किलोमीटर आहे.

२०१५ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘जॉयडीस रेझोल्यूशन’ ह्या जहाजाने येथे वेधन केले. आंतरराष्ट्रीय महासागर संशोधन कार्यक्रमातील ही ३५५ वी मोहीम. गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे (पुढे ह्या केंद्राचे नाव बदलून राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र असे करण्यात आले) धनंजय पांडे आणि लुइझियाना राज्य विद्यापीठाचे पीटर क्लिफ्ट हे तिचे सहप्रमुख होते. यू १४५६ व यू १४५७ ह्या दोन ठिकाणी साडेतीन हजार मीटर पाण्याखाली, तळाच्या आत ११०० मीटरांहून अधिक खोलवर वेधन झाले. ह्यांपैकी पहिले ठिकाण भारतीय किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटर, तर सिंधूच्या मुखापासून सुमारे ८२० किलोमीटर दूर आहे. वेधनातून निघणाऱ्या दंडगोलाकार नमुन्यांना गाभा म्हणतात. हिमालयाची झीज आणि मोसमी पाऊस ह्यांचा परस्परसंबंध ह्या गाभ्यांवरून तपासावा, हा मोहिमेचा एक प्रधान हेतू होता.

हाती आलेला क्रम खालून वर पाहिला असता असा आहे. यू १४५७ येथे सर्वांत खाली बेसाल्ट. त्यावर पॅलिओसीन काळातील, म्हणजे दख्खनचा ज्वालामुखी शांत होऊ लागल्यानंतरच्या काळातील, मृण्मय थर. त्यानंतर सुमारे ५ कोटी वर्षांचा खंड. मग विस्कळीत खडकांचा व गाळाचा एक प्रचंड ढिगारा. त्याच्यावर मायोसीनच्या उत्तरार्धापासून अर्वाचीन काळापर्यंतचे वाळूचे, गाळवट मातीचे, चिकणमातीचे आणि सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचे आलटून पालटून येणारे थर. पाच कोटी वर्षे गैरहजर, आणि हजर असलेल्यांतील एक मोठा भाग परका: सलग बखरीची अपेक्षा करणाऱ्याला ही प्रत निराश करणारी आहे. तिचे खरे मोल कळण्यासाठी अपेक्षाच बदलावी लागते.

५

थर हे लेख नसून अनुमानाची साधने आहेत असे मानले, तर त्यांच्या वाचनाचे शास्त्र ग्रंथाच्या रूपकात न शोधता अनुमानविचारात शोधले पाहिजे. येथे भारतीय न्यायदर्शनाचे एक जुने उदाहरण अनपेक्षितपणे नेमके ठरते. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील शेषवत् अनुमान, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान, स्पष्ट करताना भाष्यकार वात्स्यायन नदीचा दृष्टान्त देतो. नदी दुथडी भरून वेगाने वाहताना दिसली, तर वरच्या प्रदेशात पाऊस झाला असे अनुमान करता येते. सागरतळाच्या गाळावरून पावसाचा इतिहास शोधणारा संशोधक नेमके हेच अनुमान करीत असतो. फक्त त्याच्यासमोर पूर नसून पुराने आणलेला गाळ असतो.

न्यायसूत्रांचा विशेष असा की, हा दृष्टान्त देऊन ती थांबत नाहीत. दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष ह्या अनुमानावर आक्षेप घेतो. नदीला पाणी वाढले ते पुढे कोठे प्रवाह अडल्यामुळेही असेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असे मानतात, पण त्यांचे वारूळ मोडल्यामुळेही त्या निघालेल्या असतील. मोराचा आवाज ऐकून मोर आहे असे म्हणावे, तर तो आवाज माणसानेही काढलेला असू शकेल. रोध, उपघात आणि सादृश्य ह्या तीन कारणांनी लिंग व्यभिचारी ठरते, सबब अनुमान हे प्रमाणच नव्हे, असा हा आक्षेप. लक्ष्मी द्रोणीत हे तिन्ही व्यभिचार प्रत्यक्ष घडलेले दिसतात.

प्रथम उपघात. यू १४५६ येथे सुमारे ३३० मीटर आणि यू १४५७ येथे सुमारे १९० मीटर जाडीचा जो ढिगारा सापडला, तो समुद्राखालील भूस्खलनाचा आहे. त्याला नटराज स्खलन हे नाव मिळाले असून त्याचे एकूण घनफळ सुमारे १९ हजार घन किलोमीटर असल्याचा अंदाज आहे. जगातील ज्ञात सागरी स्खलनांत त्याची गणना अतिविशाल स्खलनांत होते. गुजरात-सौराष्ट्राच्या बाजूचा भूखंडमंचाचा उतार सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी कोसळला आणि चुनखडकाचे तुकडे, भरड खडी व चिखल ह्यांचा लोंढा द्रोणीत उतरला. त्यात निरनिराळ्या जुन्या काळांचे सूक्ष्म जीवावशेष मिसळलेले आहेत. जाडी पाहून कोणी त्या काळात झीज फार वाढली होती, म्हणून पाऊसही वाढला होता, असे म्हणेल, तर त्याचे अनुमान मोडलेल्या वारुळातून निघालेल्या मुंग्यांवरून पाऊस सांगणाऱ्यासारखे होईल. मुंग्या निघाल्या हे खरे; त्या पावसामुळे निघाल्या नाहीत.

पाठचिकित्सेच्या भाषेत हा ढिगारा प्रक्षेप होय. पण येथे ती भाषाही पुरी पडत नाही. संपादक प्रक्षेप ओळखतो तो मूळ संहितेतून वेगळा काढण्यासाठी. द्रोणीच्या इतिहासातून हे स्खलन वेगळे काढता येत नाही, कारण ते स्वतःच त्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना आहे. पावसाच्या अनुमानासाठी ते बाधक आहे, तर उताराच्या स्थैर्याच्या अनुमानासाठी तेच साधक आहे. कोणता पुरावा ‘मूळ’ आणि कोणता ‘परका’ हे येथे वस्तूवरून ठरत नसून विचारलेल्या प्रश्नावरून ठरते.

दुसरा व्यभिचार रोधाचा. नदीने आणलेला गाळ लगेच खोल समुद्रात जातो असे नाही. मुंबईसमोर भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. समुद्राची पातळी उंच असते तेव्हा गाळाचा बराचसा भाग मुखाजवळ व मंचावर अडून राहतो. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या शिखरकाळी, ही पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. अशा वेळी नद्यांची मुखे मंचाच्या कडेकडे सरकतात, आणि पूर्वी साठलेला गाळही उतारावरून खोल समुद्रात लोटला जातो. म्हणजे द्रोणीत गाळ वाढण्याच्या काळी पाऊस कमीही असू शकेल. जो गाळ खाली आला तो कधी झिजला आणि वाटेत किती काळ थांबला, हे थराच्या जाडीवरून समजत नाही.

कालगणनेची आणखी एक अडचण ह्याच संदर्भात लक्षात घ्यावी लागते. उतारावरून येणाऱ्या गढूळ पाण्याच्या तळप्रवाहांनी खोल समुद्रात वाळू पसरते. १९२९ च्या नोव्हेंबरात न्यू फाउंडलंडजवळील ग्रँड बँक्स येथे भूकंप झाल्यावर समुद्राखालील तारायंत्राच्या वाहिन्या काही तासांत एकामागून एक तुटत गेल्या. पुढे १९५२ मध्ये हीझेन व यूइंग ह्यांनी त्याचे कारण असा तळप्रवाह हेच असल्याचे दाखविले. असा प्रवाह एक थर काही तासांत किंवा काही दिवसांत घालतो. त्याच्यावर बसणारा सूक्ष्म कवचांचा तेवढाच जाड थर साचण्यास सहस्रावधी वर्षे लागू शकतात. ग्रंथाच्या सर्व पानांना सारखेच वजन असते, थरांना नसते.

तिसरा व्यभिचार सादृश्याचा. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन स्मेक्टाइट ह्या जातीची चिकणमाती विपुल तयार होते, तर सिंधूच्या गाळात इलाइट व क्लोराइट ही खनिजे अधिक असतात. ह्यावरून गाळ तापी-नर्मदेकडून आला की सिंधूकडून, ह्याचा अंदाज करतात. परंतु स्मेक्टाइटचे प्रमाण उगमाप्रमाणेच हवामानावरही अवलंबून असते. उष्ण व ऋतुमान ठळक असलेल्या हवेत अन्य खडकांपासूनही ते तयार होते. त्याचे प्रमाण वाढलेले दिसले, तर नदी बदलली की हवा बदलली? मोराचा आवाज ऐकू आला. पण तो मोराचाच आहे काय?

६

सादृश्याच्या व्यभिचाराने मोठे निष्कर्ष कसे डळमळतात ह्याचे उदाहरण अरबी समुद्राच्या दुसऱ्या काठावर घडले. १९८७ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ वेधन झाले. तेथील गाभ्यांत ग्लोबिजेरिना बुलॉयडीस ह्या सूक्ष्म जीवाची कवचे सुमारे ८५ लाख वर्षांपूर्वीपासून एकाएकी वाढलेली आढळली. नैर्ऋत्य वाऱ्यांनी किनाऱ्यावरील पाणी दूर लोटले की खालचे थंड व पोषक पाणी वर येते; त्यात हा जीव वाढतो. म्हणून १९९१ मध्ये ह्या वाढीचा अर्थ मोसमी वाऱ्यांचे बलवर्धन असा लावण्यात आला. त्याआधी १९८९ मध्ये पाकिस्तानातील शिवालिक खडकांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून सुमारे ७० ते ७५ लाख वर्षांपूर्वी तेथे गवताळ वनस्पतींचे प्राबल्य झाल्याचे दाखवून देण्यात आले होते, आणि त्याचाही संबंध मोसमी पावसाशी जोडण्यात आला होता. दोन साक्षी जुळल्यासारख्या वाटल्या.

नंतर शंका उपस्थित झाल्या. गवताच्या ह्या जातींचा प्रसार त्याच सुमारास इतर खंडांतही झालेला असल्याने त्याचे कारण वातावरणातील कार्बन डायऑक्साइडची घट हे असेल, किंवा पाऊस वाढणे नसून उलट शुष्कता वाढणे हे असेल, असे म्हटले जाऊ लागले. ओमानच्या कवचांवरून फार तर वारा समजतो, पाऊस समजत नाही; जोराचा वारा आणि जोराचा पाऊस ह्यांची सांगड नित्य असतेच असे नाही. चिन्ह तेच, आणि त्याचे वाचन एकदा वृष्टी तर दुसऱ्यांदा अवर्षण. पूर्वीचे संशोधक निष्काळजी होते असा ह्याचा अर्थ नव्हे. साक्षी दोन असल्या, तरी त्या स्वतंत्र आहेत काय आणि एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत काय, ही तपासणी ‘नोंद’ ह्या शब्दाने अनावश्यक वाटू लागते, एवढाच येथे मुद्दा आहे.

७

मग अनुमान अप्रमाण मानावयाचे काय? न्यायसूत्रांचे उत्तर तसे नाही. भाष्यकार म्हणतो की, केवळ पाणी वाढणे हे लिंगच नव्हे. प्रवाहाचा वेग, फेस, वाहत येणारी फळे, पाने व लाकडे अशा विशेषांनी युक्त असलेले पाणी हे लिंग होय. अडलेल्या प्रवाहात हे विशेष आढळत नाहीत. चूक अनुमानाची नव्हती, अनुमान करणाऱ्याची होती. त्याने अर्धेच लिंग पाहिले होते.

अर्वाचीन गाळविज्ञानाची दिशा हीच आहे, हे लक्ष्मी द्रोणीवरील कामातून दिसते. थराची जाडी हा एकटा विशेष आता पुरेसा मानला जात नाही. निओडिमियमच्या समस्थानिकांवरून उगमखडक, झिर्कॉनच्या कणांच्या वयांवरून पर्वताचा भाग, चिकणमातीच्या खनिजांवरून विदारणाचे स्वरूप, सूक्ष्म जीवावशेषांवरून व पुराचुंबकत्वावरून काळ, असे अनेक विशेष एकत्र करावे लागतात. नटराज स्खलनाचा ढिगारा सिंधूने आणलेला नव्हे हे ओळखता आले, ते अशाच विशेषांच्या जुळणीने. एका विशेषाला असलेला पर्याय दुसऱ्या विशेषाने बाद होतो. फेसाला दुसरे कारण असेल. फेस, वेग आणि वाहत आलेली ओली पाने ह्या तिहींना मिळून दुसरे कारण सापडणे अवघड जाते.

राहिला पाच कोटी वर्षांचा खंड. येथे मीमांसकांचा विचार उपयोगी पडतो. अभावाचे ज्ञान करून देणारे अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण कुमारिलभट्टाच्या परंपरेने मानले, पण एक अट घालून. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असेल, तेव्हाच तिचे न दिसणे हे तिच्या अभावाचे प्रमाण होते. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. यू १४५७ येथे पाच कोटी वर्षांचा गाळ नाही, म्हणून त्या काळात तेथे गाळ आलाच नाही असे ठरत नाही. तो मुळात बसला नसेल, तळप्रवाहांनी धुऊन नेला असेल, अथवा नटराज स्खलनाच्या लोंढ्याने वाटेत खरवडला असेल. ही शक्यता दृष्टीआड करून रिकाम्या जागेला ‘शांत काळ’ असे नाव देणे म्हणजे अंधारातील घड्याचा अभाव सिद्ध करणे होय. शिवाय वेधनात प्रत्येक गाभा पूर्ण वर येतोच असे नाही. तेव्हा काही जागा निसर्गाने रिकाम्या ठेवलेल्या, तर काही वाचकाच्या हातून सांडलेल्या असतात.

८

अखेरीस परिभाषेचा विचार कर्तव्य आहे. स्वातंत्र्योत्तर काळात शास्त्रीय परिभाषेच्या निर्मितीचे मोठे काम नागपुरात झाले, डॉ. रघुवीर ह्यांचे कोशकार्य काही काळ येथूनच चालले होते. त्या परंपरेतील संस्कृतोद्भव शब्दांविषयी पुष्कळ वाद झाले. हिंदीत गाळाला ‘अवसाद’ हा शब्द रूढ झाला. तो ‘खाली बसणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला असल्याने व्युत्पत्तिदृष्ट्या निर्दोष आहे. पण मराठी वाचकाला त्यातून खिन्नतेचाच बोध प्रथम होतो. मराठीचा ‘गाळ’ हा शब्द त्याहून अधिक सूचक आहे. तो गळणे-गाळणे ह्या कुळातील. ‘गाळणे’ म्हणजे वस्त्रातून काढणे, आणि ‘गाळणे’ म्हणजे वगळणेही. शाळेतील मुलाला ‘गाळलेल्या जागा भरा’ असे सांगतात तेव्हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. एकाच क्रियापदात काय मागे राहिले आणि काय निघून गेले, ह्या दोन्ही बाजू एकत्र नांदतात. समुद्रतळावरील थरांच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावयाचे ते हेच. मात्र गाळलेल्या जागा तर्काने भरण्यापूर्वी त्या कोणी व कशा गाळल्या हे विचारले पाहिजे.

‘नोंद’ आणि ‘अभिलेख’ ह्या शब्दांना पर्याय म्हणून मराठीत ‘गमक’ हा शब्द तयारच आहे. ज्याच्यावरून दुसरे काही समजते ते गमक. ह्या शब्दात लेखक नाही, हेतू नाही आणि खरेपणाची हमीही नाही. आहे तो केवळ एका गोष्टीवरून दुसरीकडे जाण्याचा मार्ग. ‘ह्या थराने पावसाची वाढ नोंदविली आहे’ असे लिहिले की विधान संपते. ‘हा थर पावसाच्या वाढीचे गमक आहे’ असे लिहिले की लगेच प्रश्न उभा राहतो : कोणत्या विशेषांमुळे, आणि कोणते अन्य कारण बाद झाल्यावर? पहिले वाक्य वाचकाला विश्वास ठेवण्यास सांगते, दुसरे तपासण्यास.

ग्रंथाचे रूपक सर्वस्वी टाकावे असा ह्या विवेचनाचा आग्रह नाही. बालवाचकाला विषयाच्या दारापर्यंत नेण्यासाठी ते उपयोगी आहे, आणि पाठचिकित्सकाची शिस्त त्याच्या जोडीला आली तर अभ्यासकालाही काही काळ चालेल. परंतु टाकळीच्या पातळ थरापासून नटराज स्खलनाच्या तीनशे मीटरांच्या ढिगाऱ्यापर्यंत एकही थर कोणी कोणासाठी लिहिलेला नाही. ते घडून गेलेल्या गोष्टींचे अवशेष आहेत. त्यांतून इतिहास उभा राहतो तो वाचनाने नव्हे, उलटतपासणीने; आणि उलटतपासणीत साक्षीदाराच्या मौनालाही, ते का धरले आहे हे कळल्यावरच, अर्थ येतो.